कवंदीचा हिशेब

दांडेलीपासून काही मैलांवर, काळी नदीच्या खोऱ्यातील दाट अरण्यात वसलेल्या कुळगीचे नाव पुष्कळांना तेथील वनखात्याच्या निसर्ग शिबिरामुळेच ठाऊक असते. परंतु गेल्या पावसाळ्यात तेथील एका ओसरीवर ज्या सिद्दी गृहस्थांशी माझे बोलणे झाले, त्यांच्या मनात वाघ नव्हता, धनेश पक्षीही नव्हता. होती ती वाणिज्य शाखेतून नुकतीच बारावी झालेली आणि बँकेच्या परीक्षांची पुस्तके बाजूला सारून मावशीजवळ कवंदी शिवीत बसणारी त्यांची मुलगी. “साहेब, गोधड्या शिवून कुणाचं घर चाललंय?” असे त्यांनी मला विचारले. प्रश्न रास्त होता, आणि कलेच्या महतीवरील चार गोड वाक्ये हे काही त्याचे उत्तर नव्हे.

प्रथम कवंदी म्हणजे काय ते पाहू. पोर्तुगीजांनी व अरब व्यापाऱ्यांनी आफ्रिकेतून ज्यांना गुलाम, खलाशी वा शिपाई म्हणून या किनाऱ्यावर आणले, आणि ज्यांच्यापैकी अनेक जण गोव्यातील दास्यातून निसटून घाटावरच्या या अरण्यात आश्रयाला आले, त्या सिद्दींचे वंशज आज हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, जोयडा या तालुक्यांत राहतात. त्यांत हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. त्यांच्या स्त्रिया जुन्या लुगड्याच्या अस्तरावर जुनेर कापडांचे तुकडे कडा आत दुमडून मांडतात आणि ठसठशीत धावदोऱ्याने शिवीत जातात. आपल्याकडची वाकळ डोळ्यांसमोर आणणाऱ्या वाचकाने येथे एवढे ध्यानात घ्यावे: कवंदीचे शिवण कडेपासून आरंभून, चौकटीत चौकट अशा रीतीने आत आत सरकत मध्यावर येऊन थांबते. आधी रेखाटलेला नमुना नसतो. शेजारच्या तुकड्याचा रंग पाहून पुढचा तुकडा ठरतो. शेवटच्या ठिगळाखाली काही घरांत तांदळाचे चार दाणे ठेवतात, आणि चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाचे त्रिकोण, ज्यांना ‘फुला’ म्हणतात, ते लावतात. फुला नसेल तर कवंदी उघडी राहिली असे मानतात.

ही वस्तू घरातील थंडीपुरती होती तोवर तिला बाजारभाव नव्हता. 2004 साली विस्कॉन्सिन विद्यापीठातील कलेतिहासकार हेन्री ड्र्यूअल यांच्या पुढाकाराने सिद्दी स्त्रियांची क्विल्टिंग कोऑपरेटिव्ह उभी राहिली, आणि 2011 साली न्यूयॉर्कच्या शोम्बर्ग केंद्रात त्यांच्या कवंद्यांचे प्रदर्शन भरले. आज अमेरिकेतील गोधडीकार स्त्रिया ‘कवंदी’ हाच शब्द उच्चारून ही पद्धत शिकतात. म्हणजे वस्तूला कीर्ती लाभली. परंतु कीर्ती आणि चरितार्थ यांच्यामध्ये जे अंतर असते, तेथेच आमच्या त्या गृहस्थांच्या मुलीचे काम आहे, असे माझे मत आहे.

ते कसे, हे उदाहरणाने सांगतो. समजा, एक मोठी कवंदी रोज चार तासांप्रमाणे वीस दिवसांत पुरी झाली. म्हणजे 80 तास झाले. तासाला 60 रुपये मजुरी धरली (हा आकडा केवळ उदाहरणापुरता माझा) तर 4,800 रुपये, दोरा, धुणे व वाहतूक यांचे 400, आणि त्या बेरजेवर संस्थेच्या खर्चासाठी दहा टक्के, म्हणजे 520, एकूण 5,720. याहून कमी किमतीला कवंदी विकणारी स्त्री आपल्या खिशातून गिऱ्हाइकाला देणगी देत असते, आणि तिला ते कळतही नाही, कारण चुलीवरचा भात आणि गोठ्यातली म्हैस यांच्या अधल्यामधल्या वेळात शिवलेले तास कोणी टिपून ठेवीत नाही. ज्या मुलीला टाका कळतो आणि किर्द-खतावणीही कळते, अशी मुलगी कारागिरांच्या संस्थेला सहसा मिळत नाही. शहरातून आलेल्या हिशेबनिसाला ‘फुला’ला किती वेळ लागतो ते माहीत नसते, आणि मावशीला ताळेबंद म्हणजे काय ते माहीत नसते.

पालकांनी सहकार या शब्दाला बिचकू नये. गदगजवळच्या कणगिनहाळ येथे 1905 साली, हा मुलूख मुंबई इलाख्यात असताना, देशातील आरंभीच्या सहकारी पतसंस्थांपैकी एक निघाली, ती खेड्यातील शेतकऱ्यांचीच होती. भागभांडवल कितीही असो, सभासदाला मत एकच. वार्षिक सभा, लेखापरीक्षण, दप्तराची तपासणी हे सारे आलेच. अशा संस्थेत मालाची पारख, किंमत ठरवणे, मागणीचा पत्रव्यवहार, छायाचित्रे, प्रदर्शनाची दरखास्त, केंद्राच्या हस्तशिल्प विभागाचे कारागीर ओळखपत्र सभासदांना मिळवून देणे, अशी कितीतरी कामे पडून असतात. मात्र आरंभीची दोन-तीन वर्षे उत्पन्न अनियमित असणार, हे मी त्या गृहस्थांना स्पष्ट सांगितले. तोवर मुलीने दूरस्थ पद्धतीने बी.कॉम. पुरे करावे, बँकेची परीक्षाही देऊन पाहावी, त्यात कलेचा अपमान नाही.

पुढे तिची ओढ संयोजनाकडे, म्हणजे डिझाइनकडे, आहे असे दिसले, तर मार्ग निराळा. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था 1961 ची, निफ्ट ही राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था 1986 ची. निफ्टची केंद्रे मुंबईत व बेंगळुरूत आहेत, आणि तेथील चार वर्षांच्या वस्त्र-संयोजनाच्या पदवीला कोणत्याही शाखेची बारावी चालते, मात्र प्रवेशपरीक्षेत चित्राबरोबर तर्कबुद्धीही पाहतात. शुल्क लाखांत जाते. म्हणून एक कागद आधी हाती ठेवावा: उत्तर कन्नडमधील सिद्दींना 2003 साली अनुसूचित जमातीत स्थान मिळाले, तेव्हा जातीचा दाखला प्रवेशाच्या तोंडावर नव्हे, आजच काढावा. निफ्टमध्ये कारागिरांच्या मुलांसाठी वेगळा प्रवेशवर्ग आहे, त्याचीही चौकशी करावी. आणि महाविद्यालयापेक्षा कारागिरालाच संयोजन शिकवणारी शाळा हवी असेल, तर कच्छमधील आदिपूरची सोमैया कला विद्या, जी 2014 साली सुरू झाली, तिची रीत अभ्यासण्यासारखी आहे. शिवाय जवळच धारवाडची कसुती, जिच्या गवंती टाक्यात गाठ न मारता दोन्ही बाजूंना एकच आकृती उमटते, ती एका उन्हाळ्याच्या सुट्टीत शिकली तरी हाताला दुसरी शिस्त लागते.

उठता उठता त्यांनी मुलीला हाक मारली. ती आतून कवंदी घेऊन आली. तीन कोपऱ्यांना फुला लागली होती, चौथा अजून रिकामा होता. वडिलांनी ती गुडघ्यावर पसरली, कडेवरून आतल्या चौकटीपर्यंत बोट फिरवले आणि विचारले, “हिला किती तास लागले गं?”

“मोजले नाहीत, बाबा.”

“मग कॉलेजची एखादी कोरी वही उरली असेल तर आण.”