संगणकाची हजेरी : डीव्हीडी ड्राइव्ह सापडत नाही तेव्हा



जुन्या संगणकावर नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला घ्यावी आणि ऐन वेळी कळावे की डीव्हीडी ड्राइव्ह सापडतच नाही, हा अनुभव अनेकांना येतो. मग कोणी नवी डिस्क आणतो, कोणी ड्राइव्ह बदलतो, तर कोणी ‘मदरबोर्ड गेला’ असे सांगून मोकळा होतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार! पुष्कळदा यंत्र धडधाकट असते, फक्त एखादी जोडणी सैल असते. म्हणून दोष क्रमाने कसा शोधावा, ते या पाठात पाहू.

मुख्य गोष्ट अशी की, ड्राइव्हची हजेरी दोनदा घेतली जाते. बटण दाबल्यावर पहिली हजेरी घेतो बायोस. हा मदरबोर्डवरच्या चिपमध्ये कायम असलेला छोटा प्रोग्रॅम. तो जोडलेली उपकरणे ओळखतो आणि डिस्कवरचा सुरुवातीचा भाग वाचून इन्स्टॉलेशन सुरू करून देतो. त्यानंतर डिस्कवरचा इन्स्टॉलर सूत्रे हाती घेतो आणि स्वतःच्या पटावरून पुन्हा हजेरी घेतो. त्याच्या पटावर म्हणजे त्याच्या ड्रायव्हरमध्ये एखाद्या जोडणीचे नाव नसेल, तर ड्राइव्ह समोर बसलेला असूनही गैरहजर ठरतो. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा : ड्राइव्ह कोणत्या हजेरीला गैरहजर होता?

कामाला हात घालण्यापूर्वी

हार्ड डिस्कवरच्या कामाच्या फाइली आधी दुसरीकडे उतरवून घ्या. गुणपत्रके, स्नेहसंमेलनाचे फोटो, मुलांचे निबंध एकदा पुसले गेले की परत मिळतीलच असे नाही. जुनी विभागणी पुसून झाल्यावर ड्राइव्ह अडला, तर जुनी सिस्टिम गेली आणि नवी आली नाही, अशी स्थिती होते. कॅबिनेट उघडायचे असेल तर मोठ्या माणसांना सोबत घ्या. संगणक बंद करून वायर भिंतीच्या सॉकेटमधून काढा आणि आत हात घालण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाईल. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नये.

पहिली पायरी : वीज पोचते का?

संगणक सुरू करून ड्राइव्हचे बटण दाबा. ट्रे बाहेर आला तर वीज पोचते आहे. ट्रे हलला नाही, दिवाही लागला नाही, तर विजेची जोडणी तपासा. जुन्या ड्राइव्हला चार तारांचा प्लग असतो : पिवळी १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची आणि दोन काळ्या. नव्या साटा ड्राइव्हला १५ संपर्कांचा चपटा प्लग असतो. संगणक बंद करून प्लग काढा आणि पुन्हा घट्ट बसवा. ट्रेजवळच्या बारीक छिद्रात सरळ केलेली टाचणी घालून ट्रे उघडता येतो, पण ती यांत्रिक सोय आहे. तसा ट्रे उघडला म्हणजे वीज आली, असे समजू नये.

दुसरी पायरी : बायोसच्या यादीत नाव आहे का?

संगणक सुरू होताच बहुतेक यंत्रांत डिलीट किंवा एफ-२ दाबून बायोस उघडता येतो. तिथल्या यादीत ड्राइव्हचे नाव नसेल, तर दहा वेगवेगळ्या डिस्क घालूनही उपयोग नाही. दोष जोडणीत, बायोसच्या सेटिंगमध्ये किंवा खुद्द ड्राइव्हमध्ये आहे.

जुन्या आयडीई ड्राइव्हची केबल रुंद पट्टीसारखी असते. तिच्या ८० तारांच्या प्रकारात निळे टोक मदरबोर्डला, काळे टोक मास्टरला आणि मधले करडे स्लेव्हला लागते. ड्राइव्हच्या मागच्या इवल्याशा जम्परनेही मास्टर किंवा स्लेव्ह ठरतो. एकाच केबलवर दोन उपकरणे मास्टर ठेवली, तर एक किंवा दोन्ही दिसेनाशी होतात. एका वर्गाला दोन वर्गप्रमुख नेमावेत, तसे ते होते! साटा ड्राइव्हला मास्टर-स्लेव्हची भानगड नाही. तिथे केबल बदलून पाहा, मदरबोर्डवरचे दुसरे पोर्ट वापरा आणि बायोसमध्ये ते पोर्ट बंद ठेवलेले नाही ना, हे बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे नेमका गुण कशाने आला ते कळेल.

तिसरी पायरी : नाव आहे, पण डिस्कवरून सुरुवात होत नाही

आधी बायोसमधला बूटचा क्रम पाहा. हार्ड डिस्क पहिली असेल तर संगणक डिस्ककडे वळणारच नाही. विंडोजची डिस्क कोणतीही कळ दाबण्याची सूचना काही सेकंदच दाखवते, ती हुकली तरी हेच होते.

मग डिस्क तपासा. दुसऱ्या संगणकावर ती उघडल्यावर आत एकच मोठी आयएसओ फाइल दिसली, तर डिस्क चुकीची लिहिली गेली आहे. ती फाइल नुसती उतरवायची नसते, तर इमेज म्हणून लिहायची असते. आकारही पाहा. सीडीत सुमारे ७०० एमबी आणि एकपदरी डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. उबुंटूच्या २०२४ सालच्या २४.०४ आवृत्तीची डेस्कटॉप फाइल ५ जीबीहून मोठी आहे, ती अशा डीव्हीडीत बसत नाही. शिवाय सीडी ७८० नॅनोमीटरच्या लेझरने वाचली जाते, डीव्हीडी ६५० नॅनोमीटरच्या. त्यामुळे केवळ सीडीसाठी बनवलेला ड्राइव्ह डीव्हीडी वाचू शकत नाही. बायोस ड्राइव्हचे नाव वाचतो, त्याची नजर तपासत नाही, हे लक्षात ठेवा.

चौथी पायरी : इन्स्टॉलेशन सुरू होऊन मधेच अडते

इथे दुसरी हजेरी चुकली. विंडोज एक्सपी २००१ साली आली. साटा जोडणी एएचसीआय पद्धतीत चालवण्याचा ड्रायव्हर तिच्या मूळ सीडीत नव्हता. बायोसमध्ये ती जोडणी आयडीईसारखी चालवण्याचा पर्याय निवडला की बहुधा काम पुढे जाते. मात्र आधीचे सेटिंग कागदावर लिहून ठेवा, कारण ही पद्धत बदलल्यास आधीपासून असलेली विंडोज सुरू होईनाशी होऊ शकते.

२००९ सालच्या विंडोज ७ मध्ये ‘सीडी/डीव्हीडी ड्रायव्हर नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो आणि तो फसवा असतो. इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून करतानाही तो येतो, कारण विंडोज ७ च्या इन्स्टॉलरकडे यूएसबी ३.० चा ड्रायव्हर नाही. पेनड्राइव्ह निळ्या पोर्टमधून काढून काळ्या यूएसबी २.० पोर्टमध्ये लावला की पुष्कळदा अडथळा दूर होतो. डिस्क सदोष लिहिली गेली असेल तरीही हाच संदेश येतो. तेव्हा ती कमी वेगाने पुन्हा लिहून पडताळून घ्यावी. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये तर डिस्क निर्दोष आहे का, हे तपासण्याची सोयच आहे.

एक सावधगिरी : एक्सपीचा सुरक्षा-आधार ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी संपला. जुन्या शैक्षणिक सीडी चालवण्यापुरत्या त्या ठेवल्या, तरी असे संगणक इंटरनेटला जोडू नयेत.

पालक आणि विश्वस्तांसाठी

‘ड्राइव्ह डिटेक्ट होत नाही’ एवढ्या शेऱ्यावर कोणताही संगणक भंगारात काढू नये. कोणत्या पायरीवर अडले आणि काय तपासले, याची नोंद मागावी. ड्राइव्ह खरोखरच निकामी ठरला तरी तो एकच भाग बदलता येतो, किंवा बायोस परवानगी देत असेल तर पेनड्राइव्हवरून काम भागते. वाचलेला प्रत्येक संगणक म्हणजे एका मुलाची हक्काची जागा आहे.

स्वाध्याय

१. ट्रे उघडतो, पण बायोसच्या यादीत ड्राइव्ह नाही. तुम्ही प्रथम काय तपासाल?

२. बायोसला दिसणारा ड्राइव्ह इन्स्टॉलरला का दिसत नाही, ते हजेरीच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

३. घरच्या संगणकाच्या बायोसमध्ये बूटचा क्रम पाहा आणि काहीही न बदलता तो वहीत लिहा.