नायट्रेट खाणारा दगड

प्रश्न : धाकट्या भावाने दौंडच्या घरी दोनशे लिटरचा समुद्री टँक केला आहे. दोन क्लाउनफिश आणि एक कोळंबी आहे. पुढे त्यात प्रवाळ ठेवायचा त्याचा बेत आहे, पण नायट्रेट लिटरला 80 मिलिग्रॅमच्या खाली येत नाही. दुकानदाराने सिरॅमिकचा सच्छिद्र ठोकळा दिला आणि ‘हा नायट्रेट शोषून घेतो’ असं सांगितलं. ठोकळा संपमध्ये (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) ठेवून बरेच दिवस झाले, फरक शून्य. दगड खोटा निघाला का?

उत्तर : दगड खरा असेल, सांगणाऱ्याने अर्धंच सांगितलं. भाजलेल्या मातीचा ठोकळा नायट्रेट शोषत नाही. नायट्रेट पाण्यात इतकं सहज विरघळतं की त्याला धरून ठेवणं ठोकळ्याच्या आवाक्यातलं नाही. काम करतात ते जिवाणू. ठोकळा त्यांना राहायला जागा देतो, इतकंच.

आणि त्या एकाच वाड्यात दोन बिऱ्हाडं राहतात, एकमेकांच्या नेमकी उलट वागणारी. बाहेरच्या थरातल्या जिवाणूंना प्राणवायू लागतो. माशांच्या मलमूत्रातून आणि कुजलेल्या खाद्यातून सुटणारा अमोनिया ते आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे काम मोलाचं, कारण अमोनिया माशाला मारतो आणि नायट्रेट सहसा मारत नाही. पण तुमच्या तक्रारीच्या दृष्टीने पाहा : ठोकळ्याचा दर्शनी भाग नायट्रेट कमी करत नाही, तयार करतो! ते कमी करणारे आत खोलवर असतात. बाहेरच्यांनी प्राणवायू संपवल्यावर आत जे पाणी झिरपतं त्यात तो उरलेला नसतो. तिथले जिवाणू मग नायट्रेटमधला प्राणवायू वापरून जगतात आणि उरलेला नत्र वायुरूपाने सोडून देतात. तो बुडबुड्यांतून हवेत जातो आणि हिशेबातून कायमचा वजा होतो.

यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. ठोकळा जाड हवा, त्याची छिद्रं एकमेकांना जोडलेली हवीत आणि आतून पाणी अगदी संथ सरकायला हवं. भावाने तो संपमध्ये पाइपाच्या धारेखाली ठेवला असेल तर प्राणवायू आतपर्यंत पोचतो आणि आतलं बिऱ्हाड वसतच नाही. तो संपच्या शांत कोपऱ्यात हलवा. त्याच्याआधी स्पंजचा किंवा कापडी फिल्टर हवा, नाहीतर गाळाने छिद्रं बुजतात. ठोकळा नळाखाली घासून धुऊ नका. क्लोरीनच्या पाण्याने सगळी वस्ती मरते. फारच माखला तर टँकमधून काढलेल्याच पाण्यात हिसळा. आणि आतलं बिऱ्हाड वसायला आठवडे नव्हे, महिने लागतात.

आता खरा मुद्दा. तुमच्या टँकमध्ये नायट्रेट येतं कुठून?

एक वाट खाद्याची. सुक्या खाद्यात 45 टक्के प्रथिनं धरली आणि प्रथिनांत 16 टक्के नत्र, तर एक ग्रॅम खाद्यात 72 मिलिग्रॅम नत्र भरतो. तो सगळा नायट्रेट झाला तर सव्वातीनशे मिलिग्रॅमच्या आसपास नायट्रेट, म्हणजे दोनशे लिटरमध्ये लिटरला दीड मिलिग्रॅमहून अधिक. थोडा नत्र माशाच्या अंगी लागतो, पण दोन क्लाउनफिशना चिमूटभर खाद्य पुरतं. पाहुणे आले की पोरं मूठभर टाकतात, ते थांबवा.

दुसरी वाट तुमच्या नळाची, आणि माझा खरा संशय तिच्यावर आहे. शिरूर-दौंड हा उसाचा पट्टा. न्हावरे, पाटस, आलेगाव, जिकडे जाल तिकडे कारखाना. आडसाली उसाला हेक्टरी 400 किलो नत्राची शिफारस आहे. एकरी 160 किलो. तो फक्त युरियातून द्यायचा तर 45 किलोच्या जवळजवळ आठ गोण्या होतात, आणि शिफारशीवर थांबणारे शेतकरी किती, हे तुम्हीच जाणता. वर मोकाट पाणी. पिकाने न उचललेला नत्र नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली उतरतो आणि विहिरी-बोअरला लागतो. शिवाय मुळा-मुठा पुण्याचं पाणी घेऊन रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, आणि मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचललेलं शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी बेबी कालव्याने हवेली-दौंडच्या शेतांत येतं. तेव्हा बोअरच्या पाण्यात नायट्रेट निघालं तर नवल नाही. पिण्याच्या पाण्याची भारतीय मानक मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे.

समजा तुमच्या नळाला बोअरचं पाणी येतं आणि त्यात नायट्रेट 60 आहे. दौंडच्या उन्हाळ्यात टँकमधून रोज तीन लिटर पाणी उडतं असं धरू. उडतं ते शुद्ध पाणी, नायट्रेट मागेच राहतं. तुम्ही तीन लिटर बोअरचं पाणी भरलंत की 180 मिलिग्रॅम नायट्रेटची भर पडली. लिटरमागे रोज 0.9, महिन्याला 27. पाणी बदलूनही सुटका नाही, कारण नवीन खारं पाणीही त्याच बोअरचं. 60चं पाणी घालून टँक 60च्या खाली आणायचा कसा?

म्हणून ठोकळ्याला दोष देण्याआधी भरायच्या पाण्याची चाचणी करा. किट नायट्रेट मोजतं की नायट्रेटमधला नत्र, हे डबीवर वाचा. दोन्हींत 4.43 पटीचा फरक आहे. नत्राचा आकडा 18 असेल तर नायट्रेट 80 भरतं. बोअरसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना देणं अधिक खात्रीचं.

‘आम्ही आरओचंच पाणी घालतो’ असं तुम्ही म्हणाल. घरगुती आरओत बहुधा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) कंट्रोलर असतो. पाण्याला चव यावी म्हणून तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, आणि त्याबरोबर नायट्रेटही येतं. प्यायला ते चालतं, प्रवाळाला नाही. त्यातून आरओचा पडदा क्षारांना जितका अडवतो तितका नायट्रेटला अडवत नाही. कंट्रोलर पूर्ण बंद करून पुढे उरलेले क्षार काढणाऱ्या डीआय रेझिनचं नळकांडं बसवा आणि मीटरवर टीडीएस शून्याजवळ आल्यावरच ते पाणी वापरा. माझ्या मते पैसे आधी इथे घालावेत, ठोकळ्याचा नंबर त्यानंतर.

एवढं करूनही आकडा अडला तर आतल्या जिवाणूंना कर्ब कमी पडतो आहे. लोक त्यासाठी व्हिनेगर देतात. दोनशे लिटरला रोज एखाद-दोन मिलिलिटरपासून सुरुवात करावी, आठवड्याने थोडं वाढवावं आणि स्किमर (पाण्यातला मळ फेसातून काढणारं यंत्र) चालू असलाच पाहिजे. घाईने ओतलं तर जिवाणू माजतात, पाणी दुधाळ होतं, प्राणवायू खाली जातो आणि सकाळी मासे वर तरंगताना दिसतात. आपल्याकडचे बायोफ्लॉकवाले शेतकरी मळी घालतात ती याच न्यायाने, फक्त तिथे जिवाणू अमोनिया थेट अंगात घेतात. आणखी एक सावधगिरी : नायट्रेट पार संपवू नका. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे 2.7 ग्रॅम सल्फेट असतं. ठोकळ्याच्या किंवा वाळूच्या पोटात नायट्रेट उरलं नाही की जिवाणू सल्फेटकडे वळतात. कुजक्या अंड्याचा वास आला तर ते विषारी हायड्रोजन सल्फाइड समजा.

क्लाउनफिश 80मध्येही ठणठणीत राहतात, अडचण प्रवाळाची. खुल्या समुद्रातल्या प्रवाळभिंतीवर नायट्रेट लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्याही खाली असतं. घरच्या टँकमध्ये 2 ते 10 चालतं.

आणि प्रवाळ आणण्याआधी कायदा माहीत असू द्या. दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे 2001पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या किनाऱ्यावरून मेलेला तुकडा उचलून आणणंही त्यात येतं. तिथल्या अभयारण्याची घोषणा तर 1987चीच. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला जकार्ताच्या ली चिन एंग यांनी समुद्रातले जिवंत दगड टँकमध्ये ठेवून पाणी स्वच्छ राखण्याची रीत जगापुढे मांडली. नायट्रेटचं काम त्या दगडाच्या पोटातच होत असे. आपल्याला तो उचलायची मुभा नाही. सिरॅमिकचा ठोकळा हा त्याचाच मानवनिर्मित पर्याय, म्हणून त्याला मोडीत काढू नका.

प्रश्न : नगर रस्त्याने पुण्याला जाताना वाघोलीच्या खाणी लागतात. तिथला छिद्राछिद्रांचा काळा दगड फुकटात मिळतो. तोच फिल्टरला का वापरू नये? (शिरूर)

उत्तर : विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात त्याच जातीचा तो खडक. लाव्हा थिजताना त्यातले वायूचे बुडबुडे अडकून राहिले, त्यांची ही छिद्रं. पण बुडबुडे बहुधा सुटे सुटे असतात, एकातून दुसऱ्यात वाट नसते. पाणी पृष्ठभागावरच थांबतं, म्हणजे नायट्रेट करणारे जिवाणू वसतील, मोडणारे क्वचितच. पुष्कळ छिद्रांत पांढरे स्फटिक भरलेले दिसतील, ते झिओलाइट गटातले. वाघोलीची खाण तर निळ्या कॅव्हन्साइटसाठी जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. झिओलाइट अमोनियम धरून ठेवतो, नायट्रेट नाही, आणि खाऱ्या पाण्यात सोडियमची गर्दी असल्याने अमोनियमही धड धरत नाही. गोड्या पाण्याच्या टँकमध्ये धुऊन वापरायला हरकत नाही.

प्रश्न : मग विहिरीतच असे ठोकळे सोडले तर? आमच्या विहिरीच्या पाण्यात नायट्रेट 70 निघालं आहे. (शिरूर तालुका)

उत्तर : उपयोग नाही. विहिरीत पाणी सतत नवं येतं, जिवाणूंना कर्ब मिळत नाही, आणि मिळालाच तर पिण्याच्या पाण्यात जिवाणू वाढवल्यासारखं होईल. अमेरिकेत आयोवासारख्या राज्यांत शेताच्या निचऱ्याच्या पाइपाखाली लाकडाच्या ढलप्यांनी भरलेले चर करतात. ढलप्यांतला कर्ब खाऊन जिवाणू निचऱ्यातलं नायट्रेट मोडतात. तो उपाय शेताच्या कडेला, विहिरीत नव्हे.

तुमच्या उसात हे काम फुकटात होतच असतं, फक्त तुमच्या तोट्याचं. काळ्या जमिनीत पाणी साचलं की प्राणवायू संपतो आणि तेच जिवाणू युरियाचा नत्र हवेत सोडतात. काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन जातो, जो उष्णता अडवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या पावणेतीनशे पट जोरकस. खत हप्त्याहप्त्याने आणि ठिबकातून दिलं तर दोन्हीकडची गळती घटते.

पिण्याचं म्हणाल तर 70चं पाणी उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटतं तसं ते दाटच होतं. वरच्या दुधावर असलेल्या तान्ह्या बाळाचं दूध या पाण्यात कालवू नका, बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद त्याने घटते. बाळासाठी दुसऱ्या स्रोताचं पाणी आणा किंवा कंट्रोलर बंद केलेल्या आरओचं तपासून वापरा. विहिरीचा नमुना पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा द्या.