जेम्स जॉइसचा ज्यूट

ज्यूट म्हणताच आम्हांस ताग व गोणपाट आठवतात. परंतु ज्यूट नावाची एक जर्मन कुळीची टोळीही होती. ती पाचव्या शतकात इंग्लंडातील केंट प्रांती उतरली. आयरिश लेखक जेम्स जॉइस ह्यांनी १९३९ सालच्या ‘फिनेगन्स वेक’ कादंबरीत असाच एक परका ज्यूट आणून मट नावाच्या स्थानिकाशी त्याची गाठ घातली आहे. (नावे विनोदी चित्रमालिकेतील मट व जेफ ह्यांवर बेतलेली!) बोली जुळेना, तेव्हा ज्यूट त्यास बहिरा-मुका समजू लागतो, लाकडी नाणेही देऊ करतो. मट मात्र पायांखालची माती दाखवितो. तीत असंख्य मृत निजले आहेत, आणि दोन वंश येथे गोड्या व खाऱ्या पाण्याप्रमाणे मिसळले आहेत, असे तो सांगतो. मराठी, उर्दू व तेलुगू बोलणाऱ्या आम्हां भिवंडीकरांस ही उपमा कामवारी नदी खाडीस मिळते तेथे डोळ्यांनी पाहता येते.