काळाचे पाऊल आणि गणिताची शिस्त

दिंडोरीच्या द्राक्षबागेत आज फवारणी करावी की थांबावे, हे हवामानाच्या अंदाजावर ठरते. फवारणीनंतर पाऊस आला, तर औषध आणि पैसा दोन्ही वाहून जातात. या अंदाजाच्या मुळाशी आंशिक विकलक समीकरणे असतात. एखादी राशी स्थळ आणि काळ या दोहोंनुसार कशी बदलते, हे ती सांगतात. वातावरणाची समीकरणे एका सूत्राने सुटत नाहीत. ती संख्यात्मक पद्धतीने, पावलापावलाने सोडवावी लागतात.

विद्यार्थी मित्रहो, एक लोखंडी सळई घ्या. तिच्यावर समान अंतरावर पाच बिंदू कल्पा. डावे टोक सतत १०० अंशांवर व उजवे शून्य अंशावर राखले आहे; मधले तीन बिंदू आरंभी शून्य अंशावर आहेत. काळाचे पाऊल योग्य निवडले, तर नियम सोपा होतो : बिंदूचे नवे तापमान म्हणजे दोन शेजाऱ्यांच्या जुन्या तापमानांची सरासरी. मधल्या बिंदूंवर पहिल्या पावलानंतर ५०, ०, ०, दुसऱ्यानंतर ५०, २५, ०, तिसऱ्यानंतर ६२.५, २५, १२.५ मिळतात. पुढे उत्तर ७५, ५०, २५ यांकडे स्थिरावते.

आता घाई करून पाऊल दुप्पट करू. नियम होतो : शेजाऱ्यांची बेरीज वजा स्वतःचे जुने तापमान. तिसऱ्याच पावलाला २००, उणे १००, १०० ही उत्तरे येतात! तापवणारे टोक १०० अंशांचे असताना सळई २०० अंश कशी होईल? बेरीज-वजाबाकी अचूक आहे. चुकले ते पाऊल. बिंदूंतील अंतर आणि काळाचे पाऊल यांचा मेळ आवश्यक असतो, हे कूरांट, फ्रीड्रिक्स व लेवी यांनी १९२८ साली दाखवून दिले.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली, २०२५ साली कार्यान्वित झालेली अंदाजप्रणाली ६ किलोमीटरच्या जाळीवर चालते. पूर्वीची जाळी १२ किलोमीटरची होती. जाळीतील अंतर निम्मे केले, की भूपृष्ठावरील बिंदू चौपट होतात. पाऊलही निम्मे केल्यास काम आठपट होते. महासंगणक लागतो तो यासाठी.

संगणक चुकीचे उत्तरही तितक्याच नीटनेटकेपणे छापतो. म्हणून वरील तीन पावले प्रथम वहीत स्वहस्ते करावीत, आणि आलेले उत्तर निसर्गाला मान्य होईल का, हे स्वतः तपासावे. त्या उत्तरावर कुणाची तरी बाग अवलंबून असते.