एरर मराठीत कशी दाखवायची?

प्रश्न : कापूस खरेदीच्या नोंदीसाठी पायथॉनमध्ये फॉर्म केला आहे. वजन शून्य टाकलं की पायडँटिक ही लायब्ररी इंग्रजीत एरर देते. दिवाणजींना ती कळत नाही. काय करावं?
– एक वाचक, अकोला

उत्तर : व्हॅलिडेशन एरर पकडून तिची ‘एरर्स’ मेथड चालवा. एररचा प्रकार, फील्ड आणि मर्यादा वेगवेगळे मिळतात. प्रकारानुसार मराठी वाक्यांची डिक्शनरी ठेवा : ‘ग्रेटर_दॅन’साठी ‘वजन शून्यापेक्षा जास्त टाका’. इंग्रजी मजकूर शोधून बदलू नका. आवृत्ती बदलली की तो बदलू शकतो.

‘ओलावा 12 टक्क्यांपेक्षा जास्त, सीसीआयला चालणार नाही’ असा स्वतःचा नियम (सीसीआय म्हणजे भारतीय कापूस महामंडळ) फील्ड व्हॅलिडेटरमध्ये लिहा. तिथे व्हॅल्यूएरर दिली, तर पायडँटिक 2 संदेशाआधी ‘व्हॅल्यू एरर’ चिकटवतं. म्हणून पायडँटिककस्टमएरर वापरा.