तिकीट काढण्याआधी

आईबाबांनो, परीक्षा संपल्या की घरोघरी मुलांचा एकच धोशा सुरू होतो. वॉटर पार्कला जायचंय. हट्ट चुकीचा नाही. पारा चाळिशीच्या वर गेलेला, नदीत पाणी नाही, गावातल्या विहिरी आटलेल्या किंवा जाळी टाकून बंद केलेल्या, आणि पाठीला डबा बांधून पोहायला शिकवणारा मामा नोकरीसाठी शहरात गेलेला. मग मुलांनी पाण्यात डुंबायचं कुठे? हमरस्त्याच्या कडेला गुढीपाडव्याच्या सुमारास उघडणारी आणि मृगाच्या सरी आल्या की बंद होणारी छोटी छोटी वॉटर पार्कं म्हणूनच मला आवडतात. मी मुलांची डॉक्टर आहे, आणि तरीही सांगते, मुलांना जरूर न्या. फक्त नेण्याआधी माझं थोडं ऐका.

फाटकापाशी बहुतेक पालक एकच प्रश्न विचारतात, “पाणी रोज बदलता ना?” तिकडून उत्तर येतं, “हो, रोज.” आणि आपण निश्चिंत होतो. लाटांच्या एका मोठ्या तलावात काही लाख लिटर पाणी असतं. ते रोज कोणी बदलत नाही, आणि शेजारच्या गावाला टँकर येत असताना बदलूही नये. चांगल्या पार्कात तेच पाणी दिवसभर पंपाने वाळूच्या फिल्टरमधून फिरत राहतं, वेळोवेळी बॅकवॉश करून फिल्टर धुतला जातो आणि पाण्यात क्लोरीन राखलं जातं. म्हणून प्रश्न असा विचारा: आज क्लोरीन किती वाजता तपासलं, आणि किती आलं? काम मनापासून होत असेल तिथला माणूस रजिस्टर काढून दाखवतो. त्यात दिवसातून अनेकदा, तलावानुसार वेगवेगळ्या नोंदी दिसल्या पाहिजेत. “आमचं पाणी एकदम फिल्टरचं आहे” एवढंच उत्तर मिळालं, तर मी मुलांना परत गाडीत बसवेन.

गावाकडच्या पालकांना ही तपासणी नवी नाही. ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतो आणि नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करतो, पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे असं समजतो, तीच ही गोष्ट. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ०.२ मिलिग्रॅम उरलं तरी चालतं. जिथे शेकडो माणसं अंग बुडवतात, तिथे निदान १ मिलिग्रॅम लागतं. सोबत पाण्याचा पीएचही ७.२ ते ७.८ च्या दरम्यान हवा. तो ७.५ असेल तर क्लोरीनचा साधारण निम्मा भाग जंतू मारायच्या कामाचा असतो, ८.५ वर गेला तर जेमतेम दहावा भाग उरतो. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, आणि ब्लीचिंग पावडरनेही पीएच वरच जातो. त्यामुळे नुसती पावडर ओतत राहिल्याने भागत नाही. तपासणीच्या कागदी पट्ट्या विकत मिळतात. पट्टी पाण्यात बुडवायची आणि डबीवरच्या रंगांशी ताडून पाहायची, इतकंच. सोसायटीची किंवा शाळेची सहल नेणाऱ्यांनी तरी एक डबी जवळ ठेवावी.

वासावरून मात्र निष्कर्ष काढू नका. नाकाला झोंबणारा, डोळे चुरचुरवणारा तो उग्र वास आला की “भरपूर क्लोरीन आहे, पाणी स्वच्छ आहे” असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन जी क्लोरामाइन नावाची संयुगं तयार होतात, त्यांचा तो वास असतो. म्हणजे जंतू मारायला ठेवलेलं क्लोरीन भलत्याच कामी खर्च झालेलं असतं. संध्याकाळी मुलांचे डोळे लाल होतात त्याचं कारणही बहुधा हेच.

आता ज्या जागेबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय, तिकडे वळते. तो बेबी पूल. मोठ्या स्लाइड पाहून आपल्या पोटात गोळा येतो, आणि घोटाभर पाण्यात, मशरूमच्या छत्रीखाली बसलेलं दोन वर्षांचं बाळ पाहून जीव थंडावतो. पण जंतूंच्या दृष्टीने पाहिलं तर तिथे सगळं उलट असतं. पाणी थोडं आणि उथळ, म्हणून उन्हाने लवकर तापतं. ऊन क्लोरीनला झपाट्याने संपवतं. त्यातच डायपर घातलेली, अजून शी-शू न सांगणारी मुलं सगळ्यात जास्त इथेच बसतात, आणि तोंडात पाणी घेऊन पिचकाऱ्याही इथेच उडवतात. पोहण्याच्या वेळचे म्हणून मिळणारे डायपर शी थोडा वेळ अडवतात, पातळ जुलाब अडवत नाहीत.

१९९८ च्या जून महिन्यात अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अटलांटाजवळच्या एका मोठ्या वॉटर पार्कमध्ये नेमकं हेच घडलं. लहान मुलांच्या उथळ तलावातून ई. कोलाय जंतूचा ओ१५७ हा घातक प्रकार पसरला. २६ मुलांना लागण झाल्याचं तपासणीत सिद्ध झालं, काहींच्या मूत्रपिंडांवर परिणाम झाला आणि एक लहानगी दगावली. पुरेसं क्लोरीन असलेल्या पाण्यात हा जंतू एका मिनिटाच्या आत मरतो. त्या तलावात ते पुरेसं राखलेलं नव्हतं. प्रगत देश, नावाजलेलं ठिकाण, तरीही एका छोट्या तलावाकडे दुर्लक्ष झालं आणि हे घडलं. म्हणून रजिस्टर पाहाल तेव्हा बेबी पूलची नोंद वेगळी आहे का, हे आधी पाहा. त्याचा पंप आणि फिल्टर मोठ्या तलावापासून स्वतंत्र असेल तर फारच उत्तम.

मुलं पाणी गिळतात, कितीही बजावलं तरी. अमेरिकेत झालेल्या एका मोजणीत पाऊण तासाच्या पोहण्यात मुलांच्या पोटात सरासरी ३७ मिलिलिटर पाणी गेल्याचं आढळलं, मोठ्यांच्या दुपटीहून जास्त. त्यामुळे पाण्यात काय आहे याला महत्त्व आहेच, पण ते पाण्यात कोणी आणलं यालाही तितकंच आहे. इथे पार्कवाल्याची बाजू संपते आणि आपली सुरू होते.

क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी आहे. त्याच्याभोवती इतकं टणक कवच असतं की नीट क्लोरीन राखलेल्या पाण्यातही तो दहा दिवसांपर्यंत तग धरू शकतो. जुलाब थांबल्यावरही पुढचे काही दिवस तो शीतून बाहेर पडत राहतो. म्हणून माझी एक कळकळीची विनंती आहे. मुलाला जुलाब होत असतील तर त्याला पाण्यात नेऊ नका, आणि जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे नेऊ नका. हे किती अवघड आहे याची मला कल्पना आहे. आजोळी सगळी मावस-मामेभावंडं जमलेली, तिकिटं काढलेली, गाडी ठरलेली, आणि आपल्या लेकाचं पोट गेल्याच आठवड्यात बिघडलेलं. “आता तर बरा आहे की” असं सगळे म्हणतात. त्या वेळी आईला किंवा बाबांना ठाम राहावं लागतं, आणि घरातल्या मोठ्यांनी त्यांच्या पाठीशी उभं राहावं लागतं. त्या मुलासाठी अंगणात नळी धरा, मोठ्या घमेल्यात बसवा. एकट्या मुलाला मागे ठेवू नका, मोठ्यांपैकी कोणीतरी सोबत थांबा, म्हणजे त्याला ती शिक्षा वाटणार नाही.

बाकीच्या गोष्टी सोप्या आहेत. पाण्यात उतरण्याआधी साध्या पाण्याने एक मिनिट नीट अंघोळ. तेवढ्याने अंगावरचा बराचसा घाम-मळ निघून जातो. त्या दिवशी डोक्याला खोबरेल नको, तेलाचा तवंग पाण्यावर येतो आणि क्लोरीनही खातो. दर तासाला मुलांना बाहेर काढून स्वच्छतागृहात न्या. “लागली तर सांग” म्हटल्याने खेळात रमलेलं मूल सांगत नाही. बाळाचा डायपर तलावाच्या काठावर बदलू नका. सुती कपडे का चालत नाहीत यावरून फाटकावर पुष्कळ वाद होतात. पण सुती कपड्याचे धागे सुटून फिल्टरमध्ये अडकतात, साबणाचा अंश पाण्यात उतरतो, आणि सैल कपडा स्लाइडवर अडकायची भीती असते. नियम रास्त आहे. मात्र भाड्याच्या कपड्यांऐवजी घरचा नायलॉनचा पोशाख न्या, आणि टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. नायटा, गजकर्ण एकाच टॉवेलवरून घरभर फिरतं, आणि हल्ली ते औषधांना सहज दाद देत नाही, हे मी दवाखान्यात रोज पाहते.

हंगामी पार्काची आणखी एक अडचण असते. वर्षातले नऊएक महिने ते बंद असतं. नळ्यांमध्ये ओल राहते, आतून बुळबुळीत थर धरतो, आणि त्या थराआड जंतू क्लोरीनपासून बचावतात. उघडण्याआधी जास्त क्लोरीन घालून सगळी नळयोजना धुवावी लागते. ती धुतली का, हेही विचारा. पावसाने स्लाइडचे बोल्ट गंजतात, उन्हाने फायबर तडकतं आणि सांध्यापाशी धार निघते. तिथेच पाठ सोलवटते. तलावाच्या तळाची फरशी फुटकी नाही ना, काठ शेवाळून निसरडा झाला नाही ना, हे चालत एक फेरी मारली तरी कळतं. पाणी इतकं नितळ हवं की तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसावी. ती जाळी जागेवर आणि धड आहे का, हेही बघा. तिच्यामागे पंपाची ओढ असते. जाळी निघालेली असेल तर लांब केस, हात तिथे खेचले जाऊ शकतात. मुलींचे केस घट्ट वर बांधून टोपी घाला. फुटकी जाळी दिसली तर गप्प बसू नका. व्यवस्थापकाला बोलवा आणि तो तलाव रिकामा करायला लावा.

शक्य असेल तर रविवारची दुपार टाळा, आठवड्यातल्या मधल्या दिवशी सकाळी जा. गर्दी जितकी कमी, तितकं क्लोरीन पुरतं, आणि जीवरक्षकाचं लक्षही.

परत आल्यावरचं एक सांगायचं राहिलं. पाण्यातून आलेला आजार लगेच दुसऱ्या दिवशी दिसेलच असं नाही. ई. कोलायला तीन-चार दिवस लागतात, क्रिप्टोला आठवडाभरही लागतो. तोवर घरात कोणाच्या लक्षात पार्क राहत नाही आणि दोष जातो कालच्या बर्फाच्या गोळ्याला. जुलाब घेऊन मूल दवाखान्यात आणाल तेव्हा “मागच्या मंगळवारी वॉटर पार्कला गेलो होतो” हे डॉक्टरांना आपणहून सांगा. शीतून रक्त पडत असेल, लघवी कमी झाली असेल, मूल मलूल किंवा फिकट दिसत असेल, तर वाट पाहू नका. घरात उरलेलं अँटिबायोटिक किंवा जुलाब थांबवणारी गोळी परस्पर देऊ नका. काही जंतूंच्या बाबतीत त्याने नुकसानच होतं. मीठ-साखरेचं पाणी, ओआरएस चालू ठेवा आणि थेट दवाखाना गाठा. सोबत गेलेल्या इतर घरांनाही फोन करून विचारा. दोन-तीन घरांत तेच असेल तर त्याच दिवशी पार्काला आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना किंवा नगरपालिकेच्या आरोग्य विभागाला कळवा. कारण तुमचं मूल घरी आलेलं असलं, तरी त्या बेबी पूलमध्ये या क्षणी दुसऱ्या कोणाचं तरी बाळ बसलेलं आहे.