घोडा तिथे कशाला आला?

दारव्हा, जि. यवतमाळ

चि. मनू,

परवा फोनवर तू चिनी लिपीतल्या 'आई'ची गोष्ट सांगितलीस. डावीकडे बाई, उजवीकडे घोडा, कारण आई घोड्यासारखी राबते. गोष्ट गोड आहे, पण खरी नाही. चिनीत घोडाही 'मा' आणि आईही 'मा', फरक सुराचा. घोडा तिथे फक्त उच्चार सांगायला उभा आहे. मुंगीच्या अक्षरात किड्याच्या खुणेशेजारी तोच घोडा, रागावण्याच्या अक्षरात दोन तोंडांखाली तोच. मुंगीसाठी आता कोणती गोष्ट रचशील?

सूर्य, चंद्र, झाड, डोंगर ही सरळ चित्रं आहेत खरी, पण अशी अक्षरं थोडी. बहुतेक अक्षरांत एक भाग अर्थाकडे बोट दाखवतो आणि दुसरा आवाजाकडे. सुरुवातीला सगळीकडे चित्रंच शिकवतात, म्हणून अख्खी लिपी चित्रांची वाटते.

उदाहरण आपल्याच माणसाचं घे. 1938 साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, आणि आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही. पाचही जणांच्या चिनी नावाच्या शेवटी 'ह्वा', म्हणजे चीन. कोटणीसांचं नाव 'ख तीह्वा'. त्यातला 'ख' वहीत मोठा काढ. डावीकडे झाड, उजवीकडे आवाजाचा भाग. तो एकटा लिहिला तरी उच्चार 'ख'च. आता झाड पुसून पाण्याचे तीन थेंब घाल: नदी झाली, उच्चार 'ह'. थेंबांच्या जागी माणूस घाल: 'काय' विचारणारं अक्षर, पुन्हा 'ह'. आवाजाचाच भाग एकावर एक दोनदा लिही: मोठा भाऊ, उच्चार 'क'. ख, ह, क हे एकाच घरातले आहेत. शतकानुशतकं बोलण्यात उच्चार सरकत गेले, लिखाण मात्र तिथेच राहिलं. म्हणून आवाजाचा भाग नुसती खूण समज, सूर आणि उच्चार कोशात बघच. आणि उच्चार देवनागरीत लिहून ठेव. चिनीच्या रोमन लिखाणातला 'जी' म्हणजे आपला ग नव्हे, क आहे, आणि 'के' म्हणजे ख. आपल्या लिपीत हा फरक आयता मिळतो, तो सोडू नकोस.

जुन्या पंडितांचंही तपासून घे. श्यु शन यांनी इ.स. 100च्या सुमारास 9,353 अक्षरांचा कोश रचला. 'पूर्व' या अक्षरात त्यांना झाडाआडचा सूर्य दिसला, आणि तेच अजून सगळीकडे शिकवतात. पण चीनमधल्या आन्यांगला सापडलेल्या हाडांवर आणि कासवांच्या कवचांवर तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी कोरलेलं हेच अक्षर दोन्ही टोकांना बांधलेल्या पोत्यासारखं आहे. दिशेसाठी ते केवळ उच्चारामुळे उसनं घेतलं. श्यु शन यांचा यात दोष नाही. ती हाडं त्यांच्या काळी जमिनीत होती, विद्वानांना त्यांची ओळख पटली ती 1899 साली.

पाठांतरासाठी गोष्टी खुशाल रच, फक्त वहीत त्यांच्यापुढे 'रचलेली' असं लिहीत जा. आणि दर आठवड्याला आवाजाच्या एकाच भागाचं कुटुंब एका पानावर मांड. पहिलं पान 'ख'चं. 'गाणं' हे अक्षर त्या थोरल्या भावापासूनच झालंय, ते कसं, हे शोधून मला कळव.

तुझी
मावशी